चारवर लावलेली तार

माझ्या थोरल्या जाऊबाईंचा, कमलताईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसले होते. त्या रडत नव्हत्या. आवाज फक्त थोडा चढलेला होता, कमी ऐकू येणाऱ्या माणसाशी बोलावं तसा. "सीमा, हे गेले. खुर्चीतच गेले. आणि ते मशीन चालू आहे, ते कसं बंद करतात?" मी विचारलं, ताई, डॉक्टरला बोलावलं का. त्या म्हणाल्या, शेजारचे घेऊन आले होते, डॉक्टर पाहून गेले, सगळं झालं; पण सनई वाजून राहिली आहे आणि कोणी हात लावायला तयार नाही. त्या मशीनला भाऊजींशिवाय कुणी हात लावायचा नाही, हे जबलपूरच्या घमापुरातल्या त्या गल्लीला पाठ होतं. मी सांगितलं, उजवीकडची मोठी कळ खाली करा, बाकी कशाला हात लावू नका, कुठलीही तार ओढू नका. सनई थांबलेली मला फोनमधून ऐकू आली. मग कमलताई म्हणाल्या, "झालं बंद," आणि तेव्हा रडल्या.

याला आता काही आठवडे झाले. मधुकर माझे मोठे दीर. आम्ही मूळ विदर्भाकडचे. आमच्यात नवऱ्याच्या थोरल्या भावाला भासरे म्हणतात, आणि भासऱ्यासमोर सुनेनं उभं राहायचं नाही, बोलायचंच तर दाराआडून बोलायचं, असा जुन्या बायांचा रिवाज. मी त्यांना पहिल्यापासून भाऊजी म्हणत आले, आणि दाराआडचा रिवाज मोडला तोही त्या मशीनमुळेच. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. मी स्वयंपाकघरात पीठ मळत होते आणि बाहेरच्या खोलीतून हाक आली, "घरात कोणी रिकामं आहे का? ही तार धरा." रिकामं कुणीच नव्हतं, पण सासूबाई पिशवी घेऊन बाजारात गेल्या होत्या आणि कमलताई माहेरी. मी पिठाचे हात धुतले आणि जाऊन तार धरली. त्यांनी वर न पाहता सांगितलं, लाल, लाल धर, काळी नाही. मी लाल धरली. आमची ओळख एवढ्यावरच झाली.

मशीन म्हणजे त्याच कळीवर चालणाऱ्या टेपचा आवाज मोठा करणारा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर; व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा, तापल्यावर चालणाऱ्या काचेच्या नळ्या. भाऊजी टेलिफोनच्या खात्यात होते. तरुणपणी भंगारातून ट्रान्स्फॉर्मर, पत्र्याची चेसिस, व्हॉल्व्ह असं एकेक गोळा करून त्यांनी तो बांधला होता. स्पीकरच्या पेट्या मात्र सासऱ्यांनी केलेल्या. सासरे फॅक्टरीत सुतार होते. नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती तेव्हा ते कामासाठी इकडे जबलपूरला आले; पुढे राज्यं वेगळी झाली, भाऊबंद त्या बाजूला राहिले आणि हे या बाजूला. निवृत्तीच्या आधी त्यांनी जुन्या सागवानी फळ्यांच्या दोन पेट्या केल्या, दोन मुलांच्या दोन. कोपरे असे सांधलेले की बाहेरून एक खिळा दिसत नाही. एक पेटी बाहेरच्या खोलीत, एक आत सासूबाईंच्या खाटेजवळ. सकाळी बुद्धवंदना लागायची आणि दोन्ही खोल्यांत सारखीच ऐकू यायची. घरात कोण कुठं बसलं आहे याचा हिशेबच नसायचा.

मी विजेच्या ऑफिसात नोकरीला लागले, पण ओहम म्हणजे काय ते मला भाऊजींनी शिकवलं. मशीनच्या मागं एक पट्टी होती आणि तिच्यावर ओळीनं स्क्रू. एक सगळ्यांचा, आणि पुढं चार, आठ, सोळा असे आकडे कोरलेले. मी विचारलं, हे काय. ते म्हणाले, स्पीकर विजेला किती अडवतो त्याचा आकडा. आपल्या दोन्ही पेट्या आठ-आठच्या. "मग तार आठवर पाहिजे," मी म्हटलं, "तुम्ही चारवर काहून लावली?" त्यांना हा प्रश्न फार आवडला असावा, कारण ते खुर्ची ओढून बसले. म्हणाले, तुझ्या ऑफिसात बिल भरायची एक खिडकी असली तर रांग किती अडते? आणि शेजारी दुसरी तशीच खिडकी उघडली तर? मी म्हटलं, निम्मी अडते. "मग झालं. आठाच्या दोन पेट्या शेजारी लावल्या की मशीनला चार दिसतात. म्हणून तार चारवर. एकच पेटी असती तर आठवर." आणि चुकीच्या आकड्यावर लावली तर? "तर आतला बाबू मरतो. बाहेर चार खिडक्या उघडल्या आणि आत एकच बाबू, त्याला कोणी सांगितलंच नाही की आज गर्दी आहे. तसं." एवढं बोलून ते स्वतःच हसले. त्यांना स्वतःच्या विनोदावर हसायची सवय होती, आणि दुसऱ्याच्या चुकीवर न हसायची... हे दुसरं पुढं महाग पडलं.

या मशीनचे घरात काही नियम होते. व्हॉल्व्हचं मशीन बिनस्पीकरचं कधी चालू करायचं नाही, आवाजाला जायला जागा नसली तर ट्रान्स्फॉर्मर जळतो. आधी तारा, मग कळ. जोड दिली तर सोल्डरची द्यायची, पिळून सोडून द्यायची नाही. कच्चं काम त्यांना खपत नसे. शेजाऱ्यांचा रेडिओ दुरुस्त करायला घेतला तरी ते आधी दुसऱ्यानं पिळलेल्या तारा सोडवून सगळ्या जोडांना सोल्डर करत बसत, आणि कमलताई म्हणत, "यांना दुखणं दाखवायला आणलं गुडघ्याचं, हे अख्खं माणूस उघडून बसले."

सासूबाई गेल्या आणि त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे गेलेल्या माणसासाठी भंतेजींना बोलावून करतात त्या कार्यक्रमाला, जे व्हायचं ते झालं. आम्ही तेव्हा जबलपुरातच, पण महाराजपुरात घर बांधून राहायला गेलो होतो. कार्यक्रम घमापुरातच, गल्लीत मांडव घालून. माणसं अपेक्षेपेक्षा जास्त आली. भाऊजी भंतेजींना आणायला विहारात गेले होते. इकडे मागच्या बाजूला बसलेल्या बायांना काही ऐकू येईना. सुधाकरांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ते सहन झालं नाही. आईचं नाव घेतलं जाणार आणि शेवटच्या रांगेला ते ऐकू येणार नाही, हे त्यांना पटेना. त्यांनी ओळखीच्या माणसाकडून आणखी दोन स्पीकर आणले, सगळ्यांच्या तारा एकत्र बांधल्या आणि मशीनच्या मागं जाऊन पाहिलं. पंख्याच्या रेग्युलेटरवर आकडा वाढवला की वारा वाढतो. त्यांनी तेच केलं. तार चारवरून काढली आणि सोळावर लावली, मोठा आकडा म्हणून. मी तेव्हा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पाणी वाटत होते.

थोडा वेळ आवाज खरंच मोठा वाटला, निदान मागच्या रांगेत. भंतेजी येऊन बसले, वंदना सुरू झाली, त्यांच्या मागोमाग भाऊजी मांडवात शिरले आणि मांडवाच्या तोंडाशीच थांबले. त्यांना वास आधी आला असणार. जळक्या लाखेसारखा वास येतो. मग आवाज घोगरा झाला आणि बसला. वंदना थांबली नाही, लोक नुसत्या गळ्यानं म्हणत राहिले, आणि खरं सांगायचं तर तेव्हाच ती सगळ्यांना नीट ऐकू आली. पण भाऊजी मशीनपाशी गेले, मागं वाकून आकडा पाहिला, आणि वंदना संपल्यावर चारचौघांत म्हणाले, "बाबांनी पेट्या दोन केल्या, पण अक्कल एकालाच दिली."

लोक हसले. मोठ्यानं नाही, पण हसले. सुधाकर म्हणाले, "मंग माझी पेटी मला देऊन द्या, दादा."

भाऊजींनी पेचकस घेतला, आतल्या खोलीत असायची त्या पेटीच्या तारा सोडल्या, पेटी उचलून आणली आणि सुधाकरांच्या हातात दिली. ऑटोत ती आमच्या दोघांच्या मध्ये होती. दोघा भावांपैकी एकानं जरी त्या संध्याकाळी काही बोलून टाकलं असतं... पण दोघंही एकाच सुताराची मुलं. सांधा बसला की बसला, आणि उकलला की उकलला.

जळालेला ट्रान्स्फॉर्मर भाऊजींनी स्वतः पुन्हा गुंडाळला. त्यात त्यांचा सगळा उन्हाळा गेला. मशीन सुरू झालं, एका पेटीवर. आमच्याकडची पेटी काही दिवस पलंगाखाली होती, मग मी ती स्वयंपाकघरात नेली आणि तिच्यावर मिक्सर ठेवला. उंची अगदी बरोबर होती. भाऊ एकमेकांना भेटत राहिले, लग्नात, दवाखान्यात, विहारात. बोलणं हो-नाहीपुरतं. मी दोघांनाही सांगून पाहिलं. ऑफिसात मी रोज चिडलेल्या ग्राहकांना आणि त्यांच्याहून चिडलेल्या लाइनमनना एका बाकावर बसवते, पण हे दोघं मला जमले नाहीत. सुधाकर म्हणत, त्यांनी बोलवावं, मी जातो. भाऊजी म्हणत, त्याचं घर आहे, घरी यायला बोलावणं कशाला लागते. दोघांचंही बरोबर होतं, आणि म्हणूनच काही होत नव्हतं.

मी रविवारी जात राहिले. मशीनचा आवाज मला पहिल्यापेक्षा दबलेला वाटायचा. एकदा मी मागं वाकून जाळीतून पाहिलं तर तार अजून चारवरच. मी म्हटलं, भाऊजी, आता पेटी एकच आहे, तार आठवर घ्या ना, तुम्हीच तर शिकवलं होतं. ते म्हणाले, "राहू दे. चालून राहिलं ना." मला वाटलं, वय झालं, वाकवत नसेल. मी म्हटलं, मी करून देते. "नको, सीमा." हे त्यांनी अशा आवाजात म्हटलं की मी पुढं विषय काढला नाही. घरी येऊन सुधाकरांना सांगितलं, दादांचं मशीन थकलं. ते म्हणाले, "अच्छा," आणि वर्तमानपत्र उलटलं. पण ते पान त्यांनी आधी वाचलेलं होतं.

शेवटची भेट अशीच, रविवारची. मी मेथी निवडून नेली होती. भाऊजी खुर्चीत, पांघरूण गुडघ्यांवर. निघताना त्यांनी विचारलं, "पेटी बरी आहे ना? उंदरानं तं नाही कुरतडली?" मी खरं ते सांगितलं, की तिच्यावर मिक्सर आहे. कमलताईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी काहीतरी अभद्र बोलले. पण ते हसले. म्हणाले, "बरं केलं. वजन सोसते ती, बाबांच्या हातची आहे. फक्त ओली नको होऊ देऊ." मग जरा थांबून, "स्पीकरचा कोन मात्र उन्हात नको ठेवू. कागद आहे तो." मी म्हटलं, पाहते. एवढंच. चप्पल घालताना मला वाटलं होतं की अजून काही विचारतील... नाही विचारलं.

भाऊजींचा जलदान विधी झाल्यावर कमलताई म्हणाल्या, हे मशीन तू घेऊन जा, मला ते वाजवता येत नाही, आणि दिसलं की खुर्ची रिकामी दिसते. मी म्हटलं, बघू, आधी धूळ तर काढू. मशीन भिंतीपासून ओढलं, मागची जाळी काढली. चारच्या स्क्रूवर पेटीची तार होतीच. पण त्याच स्क्रूखाली आणखी एक तार धरलेली होती, आणि तिच्या टोकाला पांढऱ्या सिमेंटचा एक रेझिस्टन्स, बोटाएवढा. त्याच्यावर आठ ओहम लिहिलेलं. मी तो बराच वेळ पाहत बसले. ज्याला स्पीकर कळत नाही त्यालाही हे सांगता येईल असं सोपं आहे. रेझिस्टन्स वाजत नाही. तो फक्त अडवतो आणि गरम होतो. दुसऱ्या पेटीच्या जागी तेवढ्याच अडवणुकीचा रेझिस्टन्स लावला की मशीनला वाटतं, दोन्ही पेट्या आहेत. मशीनचा अर्धा जोर त्यात जातो आणि आवाज दबतो. म्हणून मला ते थकलेलं वाटलं होतं. तार आठवर घेतली असती तर एका मिनिटाचं काम होतं, आणि भाऊजींइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट मला नंतर दिसली. त्या मशीनमधला एकूण एक जोड सोल्डरचा आहे. पेटीच्या तारा सोडल्या तर हा एकच स्क्रूनं धरलेला. पेचकसाचे दोन फेरे फिरवले की सुटणारा.

मी कमलताईंना विचारलं, हे कधीपासून आहे. त्या म्हणाल्या, "ते पांढरं? ते तर दरवर्षी काढायचे." भीमजयंतीच्या सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून भाऊजी पेचकस घेऊन बसत. तो तुकडा सोडवत, सदऱ्याच्या खिशात ठेवत, तारेची टोकं पुसत आणि मशीन बंदच ठेवून खुर्चीत बसत. कमलताई म्हणायच्या, आज सगळ्या गल्लीत गाणी आहेत आणि आपलंच घर मुकं काहून. ते म्हणायचे, लावतो, घाई काय आहे. दुपारी मिरवणूक पुढं निघून गेली, विहारातली माणसं पांगली की ते उठत, खिशातला तुकडा पुन्हा स्क्रूखाली बसवत आणि मग गाणी लावत. कमलताईंना वाटायचं, मशीनची काही साफसफाई असेल. इतकी वर्षं त्यांनी विचारलं नाही.

सुधाकर दर जयंतीला घमापुरात जातात. त्याच विहारात, जन्मापासून. विहारापासून घराची गल्ली दिसते. हे मला ठाऊक आहे, कारण मी बरोबर असते. ते तिथं उभे राहतात, ओळखीच्यांशी बोलतात, गल्लीकडं एकदा पाहतात आणि म्हणतात, चलो. एकदा मी म्हटलं होतं, जाऊन येऊ ना दोन मिनिटं. ते म्हणाले, दादांच्या घरी गाणं पण नाही लागलेलं, आज मूड दिसत नाही त्यांचा. आणि तेव्हा आत भाऊजी या पेटीची जागा मोकळी करून, आधी तारा मग कळ म्हणून मशीन बंद ठेवून बसलेले असायचे.

हे मी घरी आल्यावर त्यांना सांगितलं. सांगू की नको असा विचार मी केला नाही. गोष्ट त्यांची होती. ते ऐकत होते. मग उठून स्वयंपाकघरात गेले, मिक्सर उचलून ओट्यावर ठेवला आणि ओल्या फडक्यानं पेटी पुसायला लागले. मी म्हटलं, ओलं नको. त्यांनी कोरडं घेतलं.

पुढच्या रविवारी ई-रिक्शातून आम्ही पेटी घमापुरात नेली. वाटेत त्यांनी ती मांडीवर धरली होती, जड असूनही. दार उघडलं तेव्हा कमलताई पेटीकडं पाहून नुसत्या बाजूला झाल्या. सुधाकर मशीनच्या मागं बसले, पेचकस हातात घेतला, आणि मला विचारलं, "कितीवर लावू?"

मी म्हटलं, "चारवर. काही बदलायचं नाही. तार चारवरच आहे."

त्यांनी रेझिस्टन्स सोडवला. हातावर घेऊन पाहिला. "हे काय आहे नेमकं?" मी त्यांना आधी सांगितलं होतं, पण वस्तू पाहिली नव्हती त्यांनी. मी पुन्हा सांगितलं, तुमची पेटी नव्हती म्हणून तिच्या जागी लावलेलं. त्यांनी मान हलवली, पेटी आतल्या खोलीत जुन्या जागी ठेवली, तिच्या तारा बसवल्या, दोनदा ओढून पाहिल्या. आधी तारा, मग कळ. व्हॉल्व्ह तापायला थोडा वेळ लागतो. मग सनई लागली, त्या दिवशी अर्ध्यात थांबलेली, आतल्या खोलीतून आणि बाहेरच्या खोलीतून एकदमच. कमलताई म्हणाल्या, "इतका मोठा आवाज होता याचा?" सुधाकर उठून आवाज कमी करायला गेले, बटणाला हात लावला, आणि तसाच ठेवला.

मशीन घमापुरातच आहे. पेट्याही. खुर्चीत अजून कुणी बसत नाही, पण रविवारी सुधाकर तिच्या शेजारी स्टूल ओढून बसतात. रेझिस्टन्सचं आता काही काम उरलेलं नाही. मी तो भंगारात टाकला असता. निकामी वस्तू घरात ठेवायची मला सवय नाही. पण तो सुधाकरांच्या सदऱ्याच्या खिशात असतो. धुवायला कपडे काढताना मी खिसे तपासते, तो काढून खिडकीत ठेवते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीत नसतो.